थांबा, पण पुन्हा चाला

भाजी आणायला निघालेले आजोबा वाटेत एका ठरावीक अंतरावर थांबतात, दुकानातील वस्तू पाहत असल्याचे भासवतात आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा चालू लागतात. साधारण तेवढेच अंतर गेल्यावर पुन्हा थांबतात. विचारले तर म्हणतात, "काही नाही, पोटरी भरून आली होती. वय झाले आता." वाचकहो, आज या 'वय झाले'चीच तपासणी करू, कारण हे दुखणे पुष्कळदा वयाचे नसते, रक्तवाहिनीचे असते.

पायाला शुद्ध रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या आतील भिंतीवर चरबी व कॅल्शियमचे थर साचले की त्यांचा मार्ग अरुंद होतो. बसलेल्या पायाला थोडे रक्त पुरते. चालणाऱ्या स्नायूंची मागणी मात्र कित्येक पटींनी वाढते. ती पुरी झाली नाही की पोटरी, कधी मांडी किंवा कुल्लाही दुखू लागतो. थांबले की मागणी घटते आणि दुखणे विरते. या विकाराला परिघीय धमनीविकार म्हणतात. तपासणीच्या कागदांवर 'पीएडी' ही अक्षरे दिसतात ती याचीच.

सगळीच पायदुखी मात्र अशी नसते. गुडघ्याची झीज उठताना आणि जिना उतरताना अधिक जाणवते. कमरेच्या मणक्यात नस दबली असेल तर नुसते उभे राहून आराम पडत नाही. बसावे किंवा पुढे वाकावे लागते. धमनीच्या दुखण्यात उभे राहणेही पुरते. आपल्या डॉक्टरांना एवढा फरक नेमका सांगितलात, तरी निदानाचे अर्धे काम होते.

उरलेले काम एका साध्या तपासणीने होते. घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९० किंवा त्याहून कमी आले, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत असे समजतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, म्हणजे खोटा चांगला येऊ शकतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब किंवा डॉप्लर तपासणी उपयोगी पडते.

हे निदान केवळ पायापुरते नसते. जे थर पायाच्या धमनीत साचतात, तेच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असतात. अशा बहुतेक रुग्णांना पाय गमावण्यापेक्षा हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचाच धोका अधिक असतो. म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आणि रक्तदाब व मधुमेहाची औषधे 'पाय आता बरा आहे' म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. सिलोस्टॅझोल हे औषध काहींचे चालण्याचे अंतर वाढवते. परंतु हार्ट फेल्युअर असलेल्यांना ते वर्ज्य आहे. शेजाऱ्यांना गुण आला म्हणून ते घेऊ नये.

विडी-सिगारेट सुटल्याखेरीज कोणतेही औषध पुरते लागू पडत नाही. तंबाखू आणि मशेरीही सोडायलाच हवी. 'मी ओढत नाही, फक्त दाताला लावते' ही सबब रक्तवाहिन्यांना कळत नाही.

आणि आता या विकारातील सर्वांत स्वस्त, सर्वांत दुर्लक्षित उपचार : चालणे. सपाट रस्त्यावर, दुखणे मध्यम होईपर्यंत चालावे, थांबावे, ते पूर्ण विरले की पुन्हा चालावे. विश्रांती धरून प्रारंभी अर्धा तास आणि हळूहळू पाऊण तास, आठवड्यातून किमान तीन वेळा, निदान 12 आठवडे. स्नायू मिळालेला प्राणवायू अधिक काटकसरीने वापरू लागतात आणि न थांबता चालता येणारे अंतर वाढते. हे दुखणे म्हणजे इजा नव्हे. मात्र पायावर जखम असेल, बसल्याजागीही पाय दुखत असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. एवढे करूनही दैनंदिन जीवन अडत असेल, तर अँजिओप्लास्टी किंवा बायपासचा विचार होतो.

घरच्या मंडळींना एक विनंती. "बाबा, तुम्ही बसा, मी आणतो" हे वाक्य प्रेमाचेच असते. पण ते रोज उच्चारले गेले तर बाबांचा उपचारच हिरावून घेते. त्याऐवजी सोबत चला, ते थांबतील तिथे थांबा. रोज संध्याकाळी त्यांचे तळवे आणि बोटांमधील बेचके उजेडात पाहा. पाय गार लागतो म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवू नका; बधिर पायाला चटका कळत नाही आणि अपुऱ्या रक्तावर जखम भरत नाही. कुरूप ब्लेडने कापू नका. घट्ट मोजेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढवू नका.

रात्री पाऊल ठणकणे आणि खाटेखाली सोडल्यावरच आराम पडणे, न भरणारी जखम, काळे पडलेले बोट ही लक्षणे दिसली तर रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांना त्वरित दाखवावे. पाय अकस्मात गार, पांढरा आणि बधिर पडून असह्य दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. तेव्हा पाय वाचवण्यासाठी हाती काही तासच असतात.

बाकी दिवसांत, दुखले की जरूर थांबा. फक्त तेथूनच माघारी फिरू नका.