‘रिकव्हरी’चें राज्य

गेल्या दिवाळीच्या सुटींत चार दिवस रहिमतपुरास होतों. तेथें एका दुपारीं, एकाच ओसरीवर, एकच शब्द तीन निरनिराळ्या कामांवर राबतांना ऐकला. आजारांतून उठलेल्या आमच्या मावशी ‘रिकव्हर’ झाल्या होत्या, पतपेढींत नोकरीस असलेला भाचा ‘रिकव्हरी’साठीं खेडोपाडीं हिंडत होता, आणि त्याच्या मुलीला मोबाईलमधून पुसलीं गेलेलीं छायाचित्रें ‘रिकव्हर’ करावयाचीं होतीं. प्रकृति विचारतांच मावशी मात्र म्हणाल्या, “आतां सावरलें रे.” चार शिकल्यासवरल्या माणसांत मराठी काय ती एका म्हातारीपाशीं उरली होती!

मी जन्मभर इंग्रजी शिकवीत आलों; तेव्हां त्या भाषेच्या द्वेषाचा आरोप माझ्यावर कोणी करूं नये. परकीय शब्दाचाहि मला विटाळ नाहीं. शिवकाळांत राज्यव्यवहारकोश रचला जाऊन फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पुढें सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ केली. तरी अरबींतून आलेला ‘वसूल’ मराठींत आपल्या जागीं बसून आहे, आणि तो बसावा हेंच योग्य. खुद्द रहिमतपूर या नांवांत अरबी ‘रहमत’ व संस्कृत ‘पुर’ सुखानें नांदत आहेत. माझी कसोटी निराळी आहे: पाहुणा शब्द घरांत कांहीं घेऊन येतो, कीं घरचें घेऊन जातो?

‘वसूल’ नेमकें एकच काम करतो. ‘रिकव्हर’चें तसें नाहीं. हरवलेली वस्तु गवसते. गहाण दागिना सोडवितात. व्यापारांतला तोटा भरून काढतात. शत्रूनें घेतलेला गड परत जिंकून घेतात. माणूस दुखण्यांतून उठतो. गवसण्यांत दैवाचा हात आहे, सोडविण्यांत पैसा मोजावा लागतो, आणि भरून काढण्यांत गेलेलें येतच नाहीं, त्याच्या जागीं दुसरें येतें. ‘रिकव्हर’ या सर्वांवरून एकच नांगर फिरवितो. इंग्रज स्वतः असें करीत नाहीं. शिकार हुडकून आणणाऱ्या कुत्र्यासाठीं त्याच्यापाशीं ‘रिट्रीव्ह’ आहे, मोल देऊन सोडविण्यास ‘रिडीम’, तोटा भरण्यास ‘रिकूप’. आमचे सुशिक्षित मराठी तर सोडतातच, पण इंग्रजीहि अर्धीच उचलतात.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा कीस झाला; अर्थ समजला कीं पुरे. पण अर्थ कोणाचा? १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि पुणें, सोलापूर व अहमदनगर यांच्याबरोबर तो आमच्या सातारा जिल्ह्यासहि लागू झाला. न्यायालयानें रोख्याच्या मागें जाऊन मूळ हिशेब तपासावा, ऋणकोसहि गहाण सोडविण्यासाठीं दावा लावतां यावा, अशी त्यांत तरतूद होती. धनको वसूल करतो, ऋणको सोडवितो. व्यवहार एक, बाजू दोन, म्हणून क्रियापदेंहि दोन. आज भाच्याच्या वहींत नुसती ‘रिकव्हरी’ आहे. ती पतपेढीच्या तोंडानें बोलते. शेत सोडवूं पाहणाऱ्याचा शब्द त्या वहींत कोठेंच नाहीं.

दुसरा पक्ष ‘पुनःप्राप्ति’ घेऊन धांवत येतो. तोहि मला मान्य नाहीं. मावशींनीं आरोग्याची पुनःप्राप्ति केली असें म्हणून पाहावें, म्हणजे हंसूं येईल. सांचा इंग्रजीचा, मुलामा संस्कृताचा! जेथें शब्द नाहीं तेथें तो अवश्य घडवावा; पण पुसलेलीं छायाचित्रें ‘परत मिळालीं’ म्हटल्यानें कोणतें शास्त्र बुडतें?

यासाठीं समिति नको, परिषद नको. मुलाच्या तोंडीं ‘रिकव्हर’ आला, कीं घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं एवढेंच विचारावें: काय गेलें होतें, कोणाकडे गेलें होतें, आणि आलें तें कसें? उत्तर देतांना मराठी क्रियापद आपोआप ओठांवर येईल. मात्र हें विचारण्यास फार दिवस उरलेले नाहींत. मावशींच्या पिढीबरोबर हीं क्रियापदें एकदां गेलीं, म्हणजे तीं कोणाच्याहि ‘रिकव्हरी’नें परत यावयाचीं नाहींत.