आल्याच्या बिअरला संत्र्याचा स्वाद

मृग बहाराची संत्री बाजारात आहेत आणि ऊनही तापायला लागलं आहे, त्यामुळे या आठवड्यात सरबतांची चौकशी करणारी पत्रं जास्त. त्यातलं एक मात्र वेगळं. महालातल्या एक मैत्रीण लिहितात, "बंगलोरच्या भाच्यानं आल्याची बिअर घरी करायला शिकवली. पोट्ट्यांना फार आवडली. म्हणून त्यात संत्र्याचा रस घातला, तर दुसऱ्या दिवशी ती कडू झाली आणि तिसऱ्या दिवशी कपाटात बाटलीच फुटली. असं का झालं?"

बिअर हे नाव वाचून दचकू नका. जवाची खरी बिअर परवान्याशिवाय घरी करणं हा आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा तो विषय इथे नाही. आल्याची बिअर म्हणजे आलं, साखर, लिंबू आणि पाणी आंबवून केलेलं फसफसणारं पेय. पण फळ घालण्याचं शास्त्र दोन्हीकडे एकच. बेल्जियममध्ये गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची वाळवलेली साल आणि चक्क आपले धने घालतात. रस नव्हे, साल. का, ते पुढे येईलच.

आधी मूळ कृती थोडक्यात. 2 कप उकळून गार केलेल्या पाण्यात सालासकट किसलेलं आलं 1 चमचा आणि साखर 1 चमचा घालून बरणीला फडकं बांधा. रोज तेवढंच आलं आणि तेवढीच साखर घालत जा. आल्याच्या सालीवरच यीस्ट असतं, म्हणून साल काढायची नाही. आताच्या दिवसांत तीन-चार दिवसांत बुडबुडे येतात, थंडीत आठवडाही लागतो. हे झालं विरजण. मग 2 लिटर पाण्यात दोन बोटं आलं ठेचून आणि 150 ग्रॅम साखर घालून दहा मिनिटं उकळा. पूर्ण गार झाल्यावर दोन लिंबांचा रस आणि अर्धा कप गाळलेलं विरजण मिसळून एक दिवस झाकून ठेवा. पाणी गरम असताना विरजण घातलंत तर यीस्ट मरतं. दह्याचं कसं होतं, तसंच.

आता संत्र्याकडे वळू. आपल्याला वाटतं, रस घातला म्हणजे चव घातली. यीस्टच्या दृष्टीनं मात्र रस म्हणजे नवी साखर. ती ते खातं आणि तिचा गॅस करतं. संत्र्याची गोडी अशी संपली की मागे उरतो आंबटपणा आणि थोडा वास. त्यातून आपल्या नागपुरी संत्र्याची एक खोड आहे. रस काढला त्या क्षणी गोड लागतो आणि काही तासांनी कडवट होतो. बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यांत एक द्रव्य असतं. ते मुळात कडू नसतं, पण रसाच्या आंबटपणानं हळूहळू त्याचं कडू लिमोनिन होतं. रस तापवला तर आणखी लवकर. रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यांनाही या कडवटपणानं पुरतं छळलं आहे, तिथे आपल्या मिक्सरची काय कथा! मिक्सरमध्ये तर बियाही भरडल्या जातात.

म्हणून स्वादासाठी साल घ्या. धुऊन पुसलेल्या दोन संत्र्यांची फक्त वरची केशरी साल बारीक किसणीनं किसा, खालचा पांढरा भाग येऊ देऊ नका, तोही कडूच. हा कीस आणि चमचाभर भरडलेले धने पुरचुंडीत बांधून गार झालेल्या पेयात एक रात्र ठेवा. वास सालीतल्या तेलात असतो, तो उतरतो. रस हवाच असेल तर फोडी सोलून, बिया काढून, हातानं पिळून गाळा आणि पेल्यात आयत्या वेळी घाला.

आता बाटली. आंबलेलं पेय बंद बाटलीत भरताना त्यात रस घालणं म्हणजे कोंडलेल्या यीस्टला जेवायला वाढणं. गॅसला वाट नाही, मग काच फुटते आणि तिचे तुकडे घरभर उडतात. सॉसच्या, औषधाच्या, काचेच्या कुठल्याच बाटलीत हे भरू नका. सोड्याची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वर चार बोटं जागा सोडा आणि अधूनमधून दाबून पाहा. टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये. मार्चमध्ये याला दिवस लागत असेल, तर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सकाळी भरलेली बाटली संध्याकाळीच टणक होते. फ्रिजमध्ये यीस्ट मंदावतं, मरत नाही, म्हणून चार दिवसांत संपवा. वर्धा-गडचिरोलीला माहेर असेल तर ही बाटली पिशवीत घालून नेऊ नका. एक तर उन्हात फुटेल, आणि ते जिल्हे दारूबंदीचे!

हसण्यावारी नेऊ नका, कारण यीस्ट जिथे गॅस करतं तिथे थोडा अल्कोहोलही करतंच. एका दिवसात फ्रिजमध्ये गेलेल्या बाटलीत तो अगदी कमी असतो, उबेत राहिलेल्या, जास्त साखरेच्या बाटलीत वाढतो. त्यात फळाची साखरही धरा. घरी तो मोजायचं साधन नाही, म्हणून लहान मुलांना आणि गरोदर बाईला हे देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पोट्ट्यांसाठी आलं-लिंबाच्या सरबतात सोडा घाला, फसफस तीच. आणि ज्या घरात कुणी कष्टानं दारू सोडली आहे, तिथे ही बरणी मांडूच नका. दारू सोडवण्याच्या काही गोळ्यांवर थोडासा अल्कोहोलही पोटात गेला तर मोठा त्रास होतो. शिवाय तो आंबूस वास घरात दरवळणं त्या माणसाला किती जड जात असेल, याचा विचार त्याच्या घरच्यांनीच करायचा. पाहुणा आला तर वाढण्याआधी, यात काय आहे ते सांगावं.

इतर फळांत जांभूळ चांगलं. रंग सुंदर येतो, तुरटपणाही शोभतो, मात्र बी भरडू देऊ नका. आंब्याचा रस गाळूनच आणि अगदी थोडा, कारण गर असला की झाकण उघडताच सगळं उसळून वर येतं. कवठाच्या नादी लागू नका, त्याची चटणीच बरी.

बाटली गार असतानाच, मोरीत धरून उघडा. झाकण अर्धा आटा फिरवा, फुस्स आवाज संपेपर्यंत थांबा, मग पुढचा अर्धा.