बाणाचें लांकूड

बाण म्हटला म्हणजे आपलें लक्ष प्रथम त्याच्या तीक्ष्ण टोंकाकडे जातें व नंतर मागील पिसांकडे जातें. या दोहोंच्या मधला जो साधा दांडा, त्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. परंतु दांडा वांकडा असेल तर टोंक कितीहि तीक्ष्ण असलें तरी बाण लक्ष्य सोडून जातो. आणि तो आंतून चिरलेला असेल तर सुटतांनाच मोडून सोडणाराच्या हातांत घुसतो. लांकडी धनुष्यबाणाचा छंद ज्यांस जडतो, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो कीं, "बाणास सर्वोत्तम लांकूड कोणतें?" आमच्या मतें हा प्रश्न अपुरा आहे. तो कसा, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असें वाटतें.

इ. स. १५४५ मध्यें इंग्लंडांत रॉजर अ‍ॅस्कम या विद्वान् गृहस्थानें 'टॉक्सोफिलस' हा धनुर्विद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. हाच पुढें राजकन्या एलिझाबेथ हिचा शिक्षक झाला. बाणास लागणाऱ्या पंधरा लांकडांचीं नांवें त्यानें दिलीं आहेत. कांहीं लांकडें फार जड, कांहीं फार हलकीं, आणि भूर्ज, ओक, अ‍ॅश यांसारखीं मध्यम, असा त्याचा निवाडा आहे. युद्धांतील बाणांस त्या काळीं अ‍ॅस्पेनचें हलकें लांकूड वापरीत. त्याऐवजीं चांगलें अ‍ॅश वापरावें, कारण त्याचा आघात जबर होतो, असें त्यानें स्पष्ट लिहिलें.

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं जुलै महिन्यांत 'मेरी रोझ' नांवाचें इंग्रजांचें युद्धनौका-जहाज पोर्टस्मथजवळ बुडालें. त्याचा सांगाडा १९८२ सालीं समुद्रांतून वर काढण्यांत आला. त्या जहाजांत तीन हजारांहून अधिक बाण सांपडले, आणि त्यांतील बहुतेक पॉप्लरचे, म्हणजे अ‍ॅस्पेनच्याच कुळांतील लांकडाचे, निघाले! मग चूक कोणाची? आम्हांस तर कोणाचीच दिसत नाहीं. हलका बाण वेगानें सुटतो. जड बाण अधिक जोरानें आदळतो. ज्यास जें साधावयाचें, त्यास तें लांकूड योग्य.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दांड्याचा ताठरपणा. दोरी सुटतांच मागून जो धक्का बसतो, त्यानें बाण क्षणभर वांकतो, धनुष्याच्या बाजूनें वळसा घेऊन पुढें जातो व मग सरळ होतो. हें वांकणें बेताचें असावें लागतें. उजव्या हातानें दोरी ओढणाराचा बाण फाजील ताठ असेल तर डावीकडे जातो, फाजील लवचीक असेल तर उजवीकडे जातो. म्हणून कारागीर २६ इंच अंतरावरील दोन आधारांवर दांडा ठेवून मध्यें दोन पौंडांचें वजन टांगतात व तो किती खालीं वांकतो हें मोजतात. जबर धनुष्यास ताठ दांडा, मृदु धनुष्यास मृदु दांडा. एकास जो उत्तम, तोच दुसऱ्यास निरुपयोगी.

अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतांत वाढणाऱ्या पोर्ट ऑरफर्ड सीडरची या कामीं फार कीर्ति आहे. ती नांवामुळें नव्हे. त्याचें लांकूड हलकें असून त्याचे तंतु सरळ धांवतात, म्हणून. परंतु मुळांस लागणाऱ्या एका रोगानें तीं झाडें मरूं लागलीं. त्यामुळें डग्लस फर, स्प्रूस इत्यादि लांकडेंहि बाणकर्ते वापरतात. त्यांतहि पारख तीच: तंतूंच्या रेषा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत अखंड गेल्या पाहिजेत. मध्येंच एखादी रेषा बाजूस निघून गेली असेल, तर तेथेंच तो दांडा मोडावयाचा. वरून तो कितीहि गुळगुळीत केला तरी हा दोष जात नाहीं.

आपल्याकडे 'शर' या एकाच शब्दाचे बाण व बोरू असे दोन्ही अर्थ आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतहि वेळूचे व शराचे बाण सांगितले आहेत. वेळू पोकळ असून ताठ. त्याचीं पेरें तासून व तो शेकून सरळ केला म्हणजे उत्तम बाण होतो. जें जवळ उगवतें, तें पारखून घ्यावें, हाच यांतील बोध.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, दुकानदारास झाडाचें नांव विचारण्यापूर्वीं आपल्या धनुष्याचा जोर किती, हें विचारा. प्रत्येक वेळीं बाण सोडण्यापूर्वीं तो हातांनीं किंचित् वांकवून पाहा. बारीकशी करकर ऐकूं आली तरी तो मोडून टाका. बाण पुन्हां मिळतो, हात मिळत नाहीं. आणि पालकांसहि आमची एवढीच विनंति कीं, शेजाऱ्याच्या मुलास शोभला तो बाण आपल्या मुलाच्या हातीं देऊं नये. प्रथम त्याचें धनुष्य पाहावें.