दार आतून उघडलंच पाहिजे!

मित्रांनो, यंत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लेथ येतो, मिलिंग मशीन येतं, फार तर आय.सी. इंजिन येतं. पण ज्या यंत्राला आपण दिवसातून दहा-बारा वेळा हात लावतो, त्याचं नाव कुणी घेत नाही. ते यंत्र म्हणजे दाराचं कुलूप! गाडीची चेन सैल झाली तर आपण गॅरेजला पळतो, मोबाईल हँग झाला तर रात्र जागवतो. कुलूप मात्र अडेपर्यंत आपल्या गावीही नसतं. आणि अडलं की सगळ्यांना एकच उपाय सुचतो, लाथ!

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. कुलूप हे यंत्र आहे, त्याला देखभाल लागते. आणि बाहेरच्याला अडवायला लावलेल्या यंत्रानं आतल्या माणसाला कोंडता कामा नये. पहिला मुद्दा आपल्या अभ्यासाचा आहे, दुसरा जिवाचा.

माझं गाव घनसावंगी, जिल्हा जालना. आमच्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांना बाहेरून कडी-कोयंडा आणि आतून अडसर असायचा. अडसर म्हणजे भिंतीतल्या खाचेत सरकणारं जाडजूड लाकूड. त्यात ना स्प्रिंग, ना पिन, मग बिघडणार काय? आता स्लॅबची घरं आली, फ्लशची दारं आली, दारांना लॅच आले. सोय झाली, पण यंत्राबरोबर यंत्राची दुखणीही आली.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आजी दुपारी आतल्या खोलीत पडली होती. वाऱ्यानं दार धाडकन लागलं आणि लॅच अडकला. आतून मूठ फिरेना, बाहेरून किल्ली फिरेना. खिडकीला गज. लाइट गेलेली, म्हणजे पंखाही बंद. मराठवाड्यातलं मे महिन्याचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. आजीच्या बीपीच्या गोळ्या स्वयंपाकघरात. बघता बघता गल्ली गोळा झाली. कुणी म्हणे पहार आणा, कुणी म्हणे लाथ घाला, आणि आजी तर दाराच्या मागेच उभी! शेजारच्या दोघा-तिघांनी मूठ धरून दार ओढून पाहिलं. जितकं ओढावं तितकं ते घट्ट. आतून आजीचा आवाज बारीक बारीक होत चाललेला.

शेवटी गल्लीतले म्हातारे सुतारमामा आले. त्यांनी आधी सगळ्यांना बाजूला केलं. म्हणाले, "आरं, वढू नका त्याला. दाराचा भार कुलपावर आलाय. तेवढा उतरू द्या." आजीला मागं सरकून कॉटवर बसायला सांगितलं. मग पहारेचं टोक दाराच्या खाली घालून दार अगदी बोटभर वर उचललं आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला लावली. खट्ट! दार उघडलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. त्याआधी पाऊण तास गेला होता.

हे मी आजीचं कौतुक म्हणून सांगत नाही (तसं ते आहेच, बाहेर आल्यावर तिनं आधी सगळ्यांना चहा टाकायला लावला). सांगायचा मुद्दा असा की मामांनी जे केलं ते आपल्या पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले होते, म्हणून दार खाली बसलं होतं. कुलपाचा बोल्ट चौकटीतल्या पट्टीच्या कडेवर दाबला गेला होता. घर्षण हे नॉर्मल रिअॅक्शनच्या प्रमाणात असतं, हे आपण व्हायवात पोपटासारखं म्हणतो. मग दार ओढलं की बोल्टवरचा दाब वाढणार, दाब वाढला की घर्षण वाढणार, आणि बोल्ट आणखी रुतणार! मामांनी तो दाबच काढून घेतला. फॉर्म्युला आपल्याला पाठ आहे, पण तो मामांच्या हातात आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी लिहून ठेवतो. कुलूप जड चालायला लागलं की पहिली परीक्षा अशी घ्या. दार उघडं ठेवा आणि किल्ली फिरवा. उघड्या दारात कुलूप सुरळीत चाललं आणि बंद दारात अडलं, तर दोष कुलपात नाही. बिजागरी, चौकट नाहीतर पावसाळ्यात फुगलेलं लाकूड तपासा. उघड्या दारातही अडलं, तर मात्र कुलपाच्या पोटात शिरायला हवं.

पोटात काय असतं? आपण वापरतो त्यांतल्या बहुतेक लॅचमधली रचना अमेरिकेतल्या लायनस येल धाकट्यानं १८६० च्या दशकात पेटंट केलेली आहे. एका नळीत छोट्या पिनांच्या जोड्या असतात, प्रत्येकीवर एक स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की सगळ्या जोड्यांमधल्या फटी एका रेषेत येतात आणि नळी फिरते. एखादी पिन जरी केसभर वर-खाली राहिली तरी नळी फिरत नाही. इतक्या नाजूक जागेत आपण काय घालतो? खोबरेल तेल! खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. आमच्याकडे हिवाळ्यात पहाटे बाटलीतलं तेल चमच्यानं काढावं लागतं, मग कुलपातलं पातळ राहील का? गोडेतेलाची तऱ्हा वेगळी. ते हवेनं हळूहळू चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि आत खळ तयार होते. त्यापेक्षा पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दातांवर घासा आणि किल्ली आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. ग्राफाइट कोरडं वंगण आहे, धूळ धरत नाही. खर्च दोन रुपये!

आमच्या भागातून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाच-सहा महिने बंद असलेल्या घराचं कुलूप गंजून बसतं. किल्ली जोरात फिरवावी तर ती आतच मोडते. जाताना कुलपात थोडं ग्राफाइट आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी, एवढं केलं तरी परतल्यावर कुलूप तोडायची पाळी येत नाही.

आता दुसरा मुद्दा, जिवाचा. इंग्लंडमधल्या संडरलँड गावात १८८३ साली व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम होता. जिन्याखालचं दार एका वेळी एकच मूल जाईल एवढंच उघडं ठेवून अडकवलं होतं. चेंगराचेंगरीत १८३ मुलं गेली. पुढे १८९२ मध्ये रॉबर्ट ब्रिग्ज यानं अंगानं ढकललं तरी उघडणाऱ्या कडीचं पेटंट घेतलं. मॉलमध्ये दारावर जो आडवा दांडा दिसतो, त्याचा हा पूर्वज. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १९११ साली आग लागली, तेव्हा एक दार कुलूपबंद होतं. कारण काय, तर कामगारांनी माल चोरू नये! १४६ जण मेले. आपल्या दिल्लीत १३ जून १९९७ ला उपहार थिएटरमध्ये धूर भरला, बाल्कनीतून बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या, ५९ जण गुदमरले. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्पष्ट लिहिलंय की बाहेर पडण्याचं दार आतल्या बाजूनं किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. एवढ्या एका वाक्यामागं किती माणसं आहेत!

कुणी म्हणेल, मग चोरांचं काय? प्रश्न रास्त आहे. आमच्याच तालुक्यातल्या जांब समर्थला, म्हणजे रामदास स्वामींच्या जन्मगावी, ऑगस्ट २०२२ मध्ये मंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. पुढे पोलिसांनी त्या शोधून काढल्या, पण मधले दिवस गाव कसं होतं ते आम्ही पाहिलंय. कुलूप मजबूत हवंच. पण बाहेरून मजबूत आणि आतून सोपं, असं दार करता येतं. तेच तर इंजिनिअरिंग!

आणि आता जरा आपल्या हॉस्टेलकडे बघू. सकाळच्या लेक्चरला जाताना झोपलेल्या पार्टनरला आत ठेवून बाहेरून कुलूप लावणारे किती जण आहेत? "दहाला येतोच की!" म्हणतात. खिडकीला गज, आत चहाची कॉइल, एका बोर्डावर चार चार्जर. दहापर्यंत काही झालं तर? वाढदिवसाच्या रात्री बाहेरून कडी लावून पळणं ही तर आपली परंपराच! गंमत मलाही कळते. पण आतल्याला दमा असेल तर, याचा विचार कडी लावणारा हात करत नाही. ही एक गंमत आपण सोडून देऊ, बाकीच्या पुष्कळ शिल्लक आहेत.

रेक्टर सरांना आणि स्टाफला तीन विनंत्या. दर सेमिस्टरच्या सुरुवातीला एक दिवस बिजागऱ्या, कड्या आणि कुलपं तपासावीत. आम्ही मुलं स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर राहू. रात्री मेन गेटला कुलूप असतं ते असू द्या, पण किल्ली गेटपाशीच, हाताशी असलेल्या माणसाकडे असावी, आणि मागचा जिना सामान ठेवून अडवलेला नसावा. तिसरी विनंती वर्कशॉपला. एका प्रॅक्टिकलला आम्हाला एक जुनं लॅच खोलून परत जोडायला द्या. जर्नलमध्ये चार आकृत्या कमी काढल्या तरी चालतील.

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी एकच. हा अंक खाली ठेवल्यावर उठा, आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून किल्ली फिरवून पाहा. मग दार बंद करून पाहा. फरक जाणवला तर पेन्सिल आणि स्क्रूड्रायव्हर शोधा. आज शोधा, दार अडल्यावर नको.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी