उणे साठ आणि आडसाली ऊस

ऑगस्टमध्ये सोलापूरकर मोबाईलवर उजनी धरणाच्या उघडलेल्या दरवाज्यांचे व्हिडिओ पाहतो. मे महिन्यात तोच माणूस रोज टक्केवारी पाहतो, आणि आकड्याआधी ‘उणे’ असते. ११७ टीएमसीच्या या धरणात ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा; टक्केवारी मोजतात ती त्यावरच्या उपयुक्त पाण्याची. २०२४च्या उन्हाळ्याअखेर पातळी उणे ६० टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे मृतसाठाही निम्मा उपसलेला. ऑगस्टमध्ये धरण पुन्हा शंभर टक्के! मे विसरायला तेवढे पुरे झाले.

आडसाली ऊस लागतो तो नेमका याच विसराळू दिवसांत. जुलै-ऑगस्टमधली ही लागण पंधरा-अठरा महिने रानात उभी असते, म्हणजे पुढचा अख्खा उन्हाळा तिला पाण्यावर काढायचा असतो. शेतकऱ्याला हे कळत नाही असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. त्याला ते आपल्यापेक्षा नीट कळते. पण सोसायटीचे कर्ज मार्चमध्ये भरायचे असते, कांदा-टोमॅटोचा भाव कोणी सांगत नाही, उसाला निदान एफआरपीचा ठरलेला दर आहे आणि तोडणीला टोळी बांधापर्यंत येते. दूरचा मे पाहणे त्याला परवडायला तर हवे.

शहराची बाजूही तितकी स्वच्छ नाही. धरण काठोकाठ असतानाही सोलापूरने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाणी भरले. तो दोष उसाचा नव्हे, जलवाहिनीचा आणि वितरणाचा. शहरासाठी टाकळीला होणाऱ्या उपशाकरिता धरणातून भीमा नदीत पाणी सोडले की वाटेत बरेच झिरपते, उन्हाने उडते, काठच्या मोटारीही ओढतात.

कालवा सल्लागार समितीने पावसाळा संपताच पिण्याचे पाणी टीएमसीत बाजूला काढावे, ही मागणी रास्त आहे. पण पुढचा पाऊस वेळेवर आला तर राखलेले पाणी पुराबरोबर वाहून जाईल, आणि डोळ्यांदेखत ऊस वाळलेला माणूस जाब विचारेल. तो चुकीचा नसेल. तरीही आमचा कौल राखून ठेवण्याकडेच आहे. फक्त पावसाळ्यानंतरचा मुहूर्त पटत नाही. तोवर आडसाली हातभर वाढलेली असते. धरण अमुक टक्के भरले तर उन्हाळ्यात अमुक आवर्तने, त्याहून कमी भरले तर एकही नाही, असा तक्ता जूनअखेर जाहीर व्हावा. तेव्हा धरण बहुधा तळाला असते आणि आश्वासने द्यायचा उत्साह कोणातच नसतो. बेणे तोडण्याआधी शेतकऱ्याच्या हातात तेवढा कागद पडला पाहिजे.