निदानाची वाट फाट्यापर्यंत कधी?

वारंगा फाटा (जि. हिंगोली) : नांदेड, हिंगोली आणि हदगावकडे जाणारे रस्ते जेथे मिळतात, तो वारंगा फाटा प्रवाशांना खिचडीसाठी परिचित आहे. याच रस्त्यांनी परिसरातील रुग्णही नांदेड गाठतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या माणसाचे निदान गावाजवळ होते की शहरात गेल्यावर, यावर त्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे आरोग्य अवलंबून असते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे प्राध्यापक डॉ. मधुकर पै यांचे क्षयरोग निदानावरील संशोधन याच प्रश्नावर बोट ठेवते.

पै व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि पाटणा येथील खासगी डॉक्टरांकडे क्षयाची लक्षणे सांगणाऱ्या प्रशिक्षित व्यक्ती पाठविल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निम्म्याहून कमी भेटींत रुग्णाची योग्य हाताळणी झाली. मोठ्या शहरांची ही अवस्था असेल, तर खेड्यांविषयी वेगळे काय सांगावे?

चुकीच्या चाचणीची किंमतही रुग्णच मोजतो. क्षयाच्या निदानासाठी होणाऱ्या रक्तचाचण्या अविश्वसनीय असल्याचे संशोधनातून दिसल्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे बजावले. भारताने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. सूक्ष्मदर्शकाखालील थुंकी तपासणीलाही मर्यादा आहेत. एका मिलिलिटरमध्ये साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते सहसा दिसत नाहीत आणि ते औषधाला दाद देतील की नाही, हे कळत नाही.

गोव्यातील मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे यंत्र ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. बॅटरीवर चालणाऱ्या या यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी कोरोनाच्या साथीत नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात चाचणी प्रयोगशाळा उभी राहिली. निकड पटली की यंत्रणा हलते, हे तेव्हा सिद्ध झाले.

मात्र केवळ यंत्र बसविल्याने प्रश्न सुटत नाही. त्याला लागणारे साहित्य, प्रशिक्षित तंत्रज्ञ, नमुने वेळेवर पोहोचविणारी व्यवस्था आणि चाचणी लिहून देणारा डॉक्टर यांपैकी एक कडी तुटली, तरी रुग्ण खोकल्याचे औषध घेऊन घरी परततो. कोरोनाच्या वेळची तत्परता क्षयाच्या वाट्याला येणार का, हा खरा प्रश्न आहे.