कोशर आहे, पण कोकण कुठे आहे?

नवी मुंबईत नव्याने उघडलेल्या एका कोशर हॉटेलात परवा आम्ही रोजा सोडला. खजूर घरून नेले होते, ते बरं झालं. फलाफल आधीच तळून ठेवलेले, हमस फ्रिजमधून थेट ताटलीत, आणि कोंबडीचा कबाब इतका कोरडा की दिवसभराच्या तहानेवर तो घशाखाली उतरेना. पण हॉटेल नवं आहे, हात बसेल. खटकलं ते वेगळंच. नारळाच्या रसातलं काही आहे का, असं विचारल्यावर वाढणारा मुलगा अदबीनं म्हणाला, "नाही सर, हे कोशर आहे ना."

आणि पनवेल तिथून हाकेच्या अंतरावर! तिथलं बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचं. रायगडच्या किनाऱ्यावर बेने इस्रायली पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत आले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर; घरातली भाषा मराठी. कोशर या मातीत त्यांनी कधीच रुजवलं होतं, आणि तेही नारळाच्याच जोरावर.

यहुदी शरीयतीत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. म्हणजे मटणाला दही लावायचं नाही, वर तूप सोडायचं नाही. उत्तरेकडचा खानसामा इथं हात टेकेल. कोकणातल्या बाईनं नारळ खवला, रस काढला आणि कालवण शिजवलं. कोळंबी, खेकडे वर्ज्य. खवल्यांची मासळी चालते. त्यांच्या नववर्षाला गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून हलवा होतो. मन्नत फेडायची तर एलियाहू हन्नाबीच्या नावानं मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. नियाजचा मलिदा आपल्याही घरांत होतो, फक्त तो चपातीचा, गूळ-तुपाचा. आणि एलियाहू म्हणजे कुराणातले हजरत इलियास.

यहुदी, ख्रिस्ती यांचं अन्न आपल्याला हलाल असल्याचं सूरह माइदात आलंय. त्याच्या तपशिलावर आलिमांत मतभेद आहेत, ते त्यांनी सोडवावेत. माझं दुखणं साधं आहे. भिंतीवर प्रमाणपत्र लावलं, चार पदार्थ परदेशातून उचलले, की धर्माचं जेवण झालं, हा समज आता आपल्याकडेही पसरतोय. रमजानमध्ये इफ्तारचं आमंत्रण आलं की मंदी आणि शवर्मा ठरलेले. कोकणी मुसलमानांच्या घरचं नारळाच्या दुधातलं सांदण त्या दस्तरख्वानवर मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. आमच्या कॉलेजातल्या मुलांना अरबी पदार्थांची नावं तोंडपाठ आहेत. सांदण म्हटलं की ती एकमेकांकडे बघतात.

इस्रायल झाल्यावर बेने इस्रायलींपैकी बहुतेक तिकडे गेले. ठाणे, पनवेल, अलिबागकडे अजून काही कुटुंबं आहेत. हॉटेलवाल्यांनी त्यातल्या एखाद्या आजीबाईंना रीतसर मानधन देऊन आठवड्यातून एक दिवस स्वयंपाकघर सोपवावं. फलाफल राहू द्या, ज्यांना हवेत ते खातील. त्या दिवशी नारळ मात्र ताजा खवलेला हवा, डब्यातला नको.